डायलिसिसवर असताना पायातली ताकद जाणं आणि व्हिटॅमिन डी: कुणाला अनुभव?

गोदाकाठ
नमस्कार मंडळी. बाबांचं डायलिसिस चालू आहे, आठवड्यातून तीनदा, चार-चार तास. वय ६६, डायबेटिस जुना. गेल्या काही महिन्यांत नवीनच त्रास सुरू झालाय, खाली बसले की उठता येत नाही. पूजेला पाटावर बसायचे ते बंद झालं, आता खुर्चीवर बसून करतात आणि त्या खुर्चीवरून उठतानाही दोन्ही हात मांड्यांवर दाबून जोर लावतात. जिना चढताना कठडा धरून एकेक पायरी. सपाटीवर मात्र बरे चालतात. आधी वाटलं डायलिसिसचा थकवा असेल, पण सुट्टीच्या दिवशीही तसंच. रक्त तपासलं तर व्हिटॅमिन डी ११, म्हणजे बरंच कमी.

आता घरात दोन पक्ष पडलेत. आत्याचे मिस्टर म्हणतात ६०,००० युनिटचं सॅशे आणा, दर आठवड्याला द्या, महिन्यात पळायला लागतील. मेडिकलवाला म्हणतो अहो अल्फाकॅल्सिडॉल चालू आहे की, ते डीच आहे, परत कशाला? मग डी चालू असताना रिपोर्ट ११ कसा? आणि मुख्य प्रश्न, डी भरून काढलं तर पायात खरंच ताकद येते का? नेफ्रॉलॉजिस्टची (किडनीच्या डॉक्टरांची) अपॉइंटमेंट पुढच्या आठवड्यात आहे, तिथे फार वेळ मिळत नाही, म्हणून आधी नीट समजून जायचंय.

शेवंता
आमच्याकडे अगदी हेच होतं. ह्यांना डी दिलं, दोन महिन्यांत फरक पडला. नक्की द्या. मात्र डॉक्टरांना विचारूनच.

रामभाऊ_सातारकर
सॅशेच्या भानगडीत कशाला पडता, सहा लाख युनिटचं डीचं इंजेक्शन मिळतं, एकदा कमरेत टोचलं की काम झालं. माझ्या गुडघ्यांना दिलं होतं, मस्त गुण आला.

फिस्टुला
रामभाऊ काका, तुमच्या किडन्या ठणठणीत आहेत, म्हणून ते तुम्हाला पचलं. मी स्वतः बरीच वर्षं डायलिसिसवर आहे. आमच्यासारख्यांना जास्तीचं कॅल्शियम लघवीतून टाकता येत नाही, ते रक्तवाहिन्यांत जाऊन बसतं. एकदा टोचलेलं सहा लाख परत काढता येत नाही, चरबीत साठून महिनोन्‌महिने राहतं. कृपा करून असे सल्ले डायलिसिसच्या धाग्यावर देऊ नका, कुणीतरी वाचून खरंच करेल.

रामभाऊ_सातारकर
बरं बाबा, नाही देत. चांगल्या मनानेच सांगितलं होतं.

फिस्टुला
माहितीये काका, राग नाही. तुमच्या वांग्याच्या भरताच्या धाग्यावर मी नेहमी असतो.

रात्रपाळी
नेफ्रॉलॉजीत शिकतोय, ड्यूटी संपवून लिहितोय, थोडं लांबेल. गोदाकाठ, तुमचे दोन प्रश्न वेगळे आहेत.

पहिला, अल्फा चालू असताना ११ कसं. उन्हातून किंवा सॅशेतून जे डी येतं ते तसंच्या तसं कामाचं नसतं. आधी लिव्हरमध्ये त्यात एक बदल होतो, मग किडनीत दुसरा, त्यानंतर ते कामाला लागतं, त्याला कॅल्सिट्रायॉल म्हणतात. लॅब जे मोजते ते लिव्हरनंतरचं, म्हणजे मधल्या टप्प्यावरचं. कणगीत धान्य किती आहे तेवढंच तो रिपोर्ट सांगतो. डायलिसिसच्या पेशंटची चक्की बंद पडलेली असते म्हणून आम्ही अल्फाकॅल्सिडॉल देतो, ते बाहेरून दळून आणलेल्या पिठासारखं. त्यात किडनीने करायचा बदल आधीच केलेला असतो, लिव्हर उरलेलं करतं. पण हे पीठ कणगीत मोजलं जात नाही. तेव्हा ११ आलं म्हणजे अल्फा काम करत नाही असं नाही, आणि अल्फा चालू आहे म्हणजे साठा भरलेला आहे असंही नाही. मेडिकलवाल्याचं अर्धंच बरोबर आहे.

चक्की बंद का पडते, तर किडनीचा भाग कमी होतो हे एक. दुसरं म्हणजे फॉस्फरस वाढू लागला की हाडांमधून एफजीएफ-२३ नावाचं हॉर्मोन वाढतं आणि ते किडनीतलं हे शेवटचं काम दाबून टाकतं. हे डायलिसिसच्या बरंच आधी सुरू झालेलं असतं.

मग साठा भरायचाच कशाला? कारण किडनीशिवाय इतर काही पेशीही थोड्या प्रमाणात तो शेवटचा बदल आपापल्यापुरता करू शकतात. म्हणून केडिगोच्या (किडनीच्या आजारांवर सूचना काढणारी आंतरराष्ट्रीय संस्था) २०१७ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये असं आहे की डायलिसिसच्या पेशंटमध्येही साठा मोजता येईल, आणि कमी असेल तर सर्वसामान्य माणसात भरतात तसाच भरावा. म्हणजे आत्याच्या मिस्टरांचंही अर्धं बरोबर. फक्त किती आणि किती दिवस हे कॅल्शियम, फॉस्फरस, पीटीएच (कॅल्शियम सांभाळणारं पॅराथायरॉइड ग्रंथीचं हॉर्मोन) बघून नेफ्रॉलॉजिस्ट ठरवतील.

दुसरा प्रश्न, पायातल्या ताकदीचा. त्याचं उत्तर इतकं सरळ नाही, उद्या लिहितो, डोळे मिटतायत.

खट्याळ_बोका
डॉक्टर झोपले, आता पेशंट जागे राहणार :)

ऊन_सावली
सगळे गोळ्या, सॅशे, इंजेक्शन. उन्हाचं कुणी नावच घेत नाही. आपल्या देशात बारा महिने ऊन. सकाळी कोवळ्या उन्हात बसवा बाबांना, अंगाला तीळ तेल लावून. फुकटचं औषध आहे.

केळफूल
ऊन_सावली, उन्हाला विरोध नाही, पण कोवळ्या उन्हात डी फारसं बनतच नाही. त्यासाठी लागणारे किरण ऊन चढल्यावरच पुरेसे येतात. ढोबळ खूण म्हणजे आपली सावली आपल्या उंचीपेक्षा लहान हवी. आणि खिडकीच्या काचेतून ते किरण येतच नाहीत. आमच्या सासूबाई बंद खिडकीजवळ तासभर बसायच्या, डी ९. शिवाय वय वाढलं की त्वचेत डी कमी बनतं, आणि आपला सावळा रंग, त्याला जास्त वेळ लागतो. डायलिसिसच्या माणसाचे आठवड्यातले तीन दिवस तर एसी हॉलमध्ये जातात.

ऊन_सावली
दुपारच्या उन्हात म्हाताऱ्या माणसाला बसवायचं? चक्कर येईल.

केळफूल
तेच म्हणतेय. नाशिकच्या एप्रिलमध्ये तर नकोच, त्यात पाणी मोजून प्यायचं असतं त्यांना. म्हणून तर गोळी.

फिस्टुला
उन्हाने मन बरं होतं एवढं मात्र मी सांगू शकतो. सुट्टीच्या दिवशी गच्चीवर थोडं बसतो, टोपी घालून. डी साठी नाही, माणसं दिसतात म्हणून.

हालचाल
फिजिओ आहे. गोदाकाठ, तुम्ही जे वर्णन केलंय ते फार नेमकं आहे, ते तसंच्या तसं डॉक्टरांना सांगा. खाली बसून उठता न येणं, मांडीवर हात दाबून उठणं, जिना अवघड पण सपाटी सोपी, ह्याचा अर्थ नितंब आणि मांडीचे मोठे स्नायू कमजोर झालेत. डीची मोठी कमतरता, वाढलेलं पीटीएच, स्टेरॉइड, थायरॉइड, नुसतं पडून राहून झिजलेले स्नायू, ह्या सगळ्यांत असंच दिसतं. ह्याउलट पायातून चप्पल निसटते आणि कळत नाही, पाऊल घासतं, तळव्याला मुंग्या, हे असेल तर नसांचा आजार. डायबेटिस जुना आहे म्हणता तर दोन्ही एकत्र असू शकतं. चप्पल निसटते का बघा बरं.

गोदाकाठ
तुम्ही विचारलंत म्हणून आत्ता आईला विचारलं. निसटते, डाव्या पायातली, आणि आई रागावते की नीट घालत नाही म्हणून. आम्ही कुणी हे डॉक्टरांना सांगितलंच नव्हतं.

हालचाल
बाबांना रागावू नका, त्यांना ती जाणवतच नसणार. आणि तळवे रोज बघत जा, जखम झाली तरी कळणार नाही.

सिडनीची_माई
इकडे रिपोर्ट वेगळ्या एककात येतो हे आधी सांगते, नाहीतर वाचणाऱ्यांचा गोंधळ होतो. तुमचं ११ (नॅनोग्रॅम) म्हणजे आमच्याकडे साधारण २७ (नॅनोमोल). भारतातला आकडा गुणिले अडीच. माझ्या बहिणीने पुण्याहून फोन केला की डी २८ आलं, मी इकडचा हिशोब धरून घाबरून गेले आणि तिला रडवलं उगाच.

मूळ प्रश्नावर. इकडे ऑस्ट्रेलियात नेमक्या ह्याच प्रश्नावर अभ्यास झालाय, २०१३ मध्ये छापून आला. डी कमी असलेले ६० हिमोडायलिसिसचे, म्हणजे मशीनवरच्या डायलिसिसचे, पेशंट, निम्म्यांना साधं डी ५०,००० युनिट, आठवड्याला एक असं आठ आठवडे आणि मग महिन्याला एक, निम्म्यांना तशीच दिसणारी बिनऔषधाची गोळी. सहा महिन्यांनी डीचा आकडा छान वाढला होता. पण स्नायूंची ताकद, चालणं, रोजच्या जगण्याचा दर्जा, ह्यात दोन गटांत फरक नव्हता.

शेवंता
असं कसं, आम्हाला तर फरक पडला. ते सगळं खोटं होतं का?

सिडनीची_माई
नाही हो शेवंताताई, खोटं कोण म्हणतंय. तुमच्या मिस्टरांचं डी किती होतं? आणि त्याच वेळी आणखी काय काय बदललं होतं?

शेवंता
डी ५ होतं, पाच. हाडं दुखायची, कुशीवर वळताना ओरडायचे. आणि हो, त्याच सुमारास डॉक्टरांनी आठवड्याला दोनचं तीन डायलिसिस केलं होतं. योजनेत बसलं म्हणून जमलं, नाहीतर आम्हाला तिसरं परवडत नव्हतं.

रात्रपाळी
आलो. शेवंताताई, तुमचा अनुभव आणि माईंचा अभ्यास, दोन्ही एका वेळी खरं असू शकतं. तुमच्याकडे डी ५ आणि हाडं दुखत होती, म्हणजे बहुतेक हाडं मऊ पडण्याचा आजार, ऑस्टिओमलेशिया. त्यात स्नायू खरंच कमजोर होतात आणि डी दिल्यावर सुधारतात, हे जुनं आणि पक्कं ज्ञान आहे. शिवाय तिसरं डायलिसिस मिळालं, त्याने भूक सुधारते, रक्तातलं आम्ल कमी होतं, त्याचाही वाटा असणार. माईंनी सांगितलेल्या अभ्यासातल्या लोकांचं डी कमी होतं पण बहुतेकांना असा हाडांचा आजार नव्हता. अशांमध्ये आकडा वाढवून ताकद वाढत नाही, असं दिसतं.

ह्याच्या उलट बाजूचाही एक अभ्यास आहे, अमेरिकेतला, २००७ चा. त्यात डायलिसिसवरच्या ज्या लोकांना सक्रिय डी, म्हणजे कॅल्सिट्रायॉल किंवा पॅरिकॅल्सिटॉल चालू होतं, त्यांच्या मांडीचे स्नायू मोठे आणि पाय जास्त जोरदार होते. पण ती नुसती तुलना होती. ज्यांना ते औषध मिळत होतं ते मुळातच वेगळे असू शकतात. म्हणून त्यावरून औषधाने ताकद आली असं छातीठोकपणे म्हणता येत नाही. अल्फाकॅल्सिडॉलची मोठी चाचणी जपानमध्ये झाली, २०१८ साली आली, ९७६ पेशंट, पीटीएच फार वाढलेलं नसलेले. ती हृदयविकारासाठी होती, तिथेही फायदा दिसला नाही. डी कडून आपण फार अपेक्षा ठेवल्या होत्या, असं माझं मत.

माझं म्हणणं एवढंच की ११ आहे तर भरून काढा, ते योग्यच आहे. पण सॅशे सुरू केलं म्हणजे पायांचा प्रश्न सुटला असं समजून थांबू नका. नाहीतर तीन महिने आकड्याची वाट बघण्यात जातात आणि तेवढ्यात मांड्या आणखी झिजतात. हे मी वॉर्डात बघतो आणि वाईट वाटतं.

गोदाकाठ
हे फार उपयोगी. मग डॉक्टरांना नक्की काय काय विचारू?

रात्रपाळी
पीटीएच किती आहे. डायलिसिसवर ते थोडं वाढलेलं असणं मान्य असतं, नॉर्मलच्या वरच्या मर्यादेच्या दोन ते नऊ पट, पण खूपच वाढलं तर तेही स्नायूंना कमजोर करतं. त्याबरोबर अल्कलाइन फॉस्फटेज, त्यावरून हाडांचं कळतं. मग बायकार्बोनेट, हे अगदी विसरलं जातं. डायलिसिसच्या आधीच्या रक्तात ते २२ च्या खाली राहत असेल तर रक्त आम्लधर्मी आहे, आणि त्या स्थितीत शरीर स्वतःचेच स्नायू तोडत राहतं. अल्ब्युमिन (रक्तातलं प्रोटीन), टीएसएच (थायरॉइडची तपासणी), हिमोग्लोबिन. आणि सगळ्या गोळ्यांची पिशवी घेऊन जा, कोलेस्टेरॉलच्या गोळीने कुणाकुणाचे स्नायू दुखतात.

एक गोष्ट वेगळी सांगतो. ही कमजोरी महिन्यांत हळूहळू आलीये. पण कधी एका दिवसात पाय लुळे पडल्यासारखे झाले, विशेषतः डायलिसिस चुकलं असेल किंवा दोन दिवसांची सुट्टी मध्ये आली असेल, तर ते वाढलेलं पोटॅशियम असू शकतं. तेव्हा धाग्यावर विचारत बसू नका, सरळ हॉस्पिटल, ईसीजी.

फिस्टुला
ह्याला दुजोरा. मी एकदा लग्नात शहाळं प्यायलो होतो, त्यात पोटॅशियम भरपूर. पुढचं लिहीत नाही, पण आता कुणी शहाळं पुढे केलं की मी हात जोडतो. आणि ते 'कमी सोडियमवालं' मीठ येतं ना बाजारात, त्यात पोटॅशियम असतं, घरात आणूच नका.

रामभाऊ_सातारकर
बापरे. शहाळं तर आपण आजाऱ्याला पहिलं नेतो.

फिस्टुला
हो ना काका. आमच्याकडे यायचं असेल तर सफरचंद आणा. एकच आणा.

केळफूल
आहारतज्ज्ञ म्हणून मला जे बोलायचंय ते कुणी बोललंच नाही. गोदाकाठ, बाबा जेवतात काय?

गोदाकाठ
सकाळी चहा-बिस्किट, दुपारी दोन पोळ्या, भाजी उकळून पाणी काढलेली, थोडा भात. रात्री भात आणि पातळ वरण. किडनी बिघडली तेव्हा डॉक्टरांनी प्रोटीन कमी करायला सांगितलं होतं, म्हणून डाळ, अंडी, दूध सगळं कमी केलंय. पूर्वी अंडी आवडीने खायचे.

केळफूल
इथेच घोळ आहे, आणि हा शेकडो घरांत आहे. प्रोटीन कमी करायचं ते डायलिसिस सुरू होण्याआधी. डायलिसिस सुरू झालं की उलटं, किलोमागे १ ते १.२ ग्रॅम लागतं. प्रत्येक डायलिसिसमध्ये साधारण ६ ते १२ ग्रॅम अमिनो आम्लं मशीनमधून वाहून जातात. बाबा साठ किलोचे धरले तर दिवसाला ६० ते ७२ ग्रॅम हवं, तुम्ही सांगितलेल्या जेवणात माझ्या अंदाजाने निम्मंही नाही. स्नायू बनणार कशाचे? कितीही डी दिलं तरी त्याला विटा नकोत का.

अंड्याचा पांढरा भाग सगळ्यात सोयीचा. एकातून साडेतीन ग्रॅमच्या आसपास प्रोटीन आणि फॉस्फरस जवळपास नाही. दिवसाला तीन-चार सहज बसतात. चिकन, मासे खात असाल तर घरी केलेले, ताजे. शाकाहारी असाल तर पनीर थोडं, घट्ट वरण, मूग. फॉस्फरस बांधणारी गोळी जेवणाच्या घासाबरोबर घ्यायची, जेवून तासाने घेतली तर तिचा उपयोग नाही. पाकिटातले पदार्थ, कोला, प्रोसेस केलेलं चीज मात्र बंद, त्यातला फॉस्फरस जवळजवळ सगळा अंगात शिरतो, डाळीतला तेवढा नाही. नेमकं प्रमाण तुमच्या सेंटरच्या आहारतज्ज्ञाकडून लिहून घ्या, पोटॅशियमचा रिपोर्ट बघून.

गोदाकाठ
तीन वर्षं झाली, आम्हाला कुणी सांगितलंच नाही. आई तर पातळ वरणातही पाणी घालते, की बाबांना त्रास नको.

शेवंता
आईंना म्हणावं मीही तेच करायचे. माया असते त्यात. आता पांढरं उकडून मीठ न लावता मिरपूड घालून द्या, आमच्याकडे तसं आवडतं.

खट्याळ_बोका
आणि पिवळं बलक कोण खातं?

शेवंता
आमचा बोका :)

खट्याळ_बोका
ही माझी बदनामी आहे. पण मी नाकारत नाही.

घरची_पिशवी
मी सीएपीडीवर आहे, घरी पोटातून पाणी बदलायचं. आमच्या पाण्यातून प्रोटीन रोज जातं आणि त्याबरोबर डीला धरून ठेवणारं प्रोटीनही जातं. म्हणून आमच्यात डीची कमतरता फार सापडते. धागा हिमोचा आहे पण सीएपीडीवाले वाचत असतील तर त्यांनीही रिपोर्ट काढा.

फिस्टुला
पिशवीताई, इथे सगळ्यांना जागा आहे.

हालचाल
आता माझी पाळी. स्नायूंना काम दिल्याशिवाय ते वाढत नाहीत, आणि डायलिसिसच्या लोकांना 'आराम करा' हा सल्ला इतका सर्रास दिला जातो की माझा जीव तुटतो. इटलीत एक अभ्यास झाला, २०१७ मध्ये आला, २९६ पेशंट. निम्म्यांना डायलिसिस नसलेल्या दिवशी घरीच दहा-दहा मिनिटं दोनदा चालायला लावलं, तेही हळू, झेपेल तेवढंच. सहा महिन्यांनी ते सहा मिनिटांत ३२८ मीटरऐवजी ३६७ मीटर चालू लागले. न चालणाऱ्या गटात बदल नाही. जर्मनीत त्याहून मोठा झाला, ९०० हून जास्त लोक, डायलिसिस चालू असतानाच पलंगावर व्यायाम, पायाने सायकल आणि थोडं वजन. वर्षाने ते मिनिटाला १६ ऐवजी १९ वेळा खुर्चीवरून उठू लागले, आणि व्यायाम न करणारे १६ वरून १५ वर घसरले. आता ह्याची तुलना गोळीच्या अभ्यासाशी करा.

बाबांसाठी सुरुवात म्हणजे भिंतीला टेकवलेली, हात असलेली मजबूत खुर्ची, वर जाड उशी किंवा घडी घातलेली सतरंजी ठेवून उंच केलेली. पुढे वाका, नाक गुडघ्यांच्या पुढे, मग उठा, आणि बसताना धपकन नाही, सावकाश. पाच वेळा, दिवसातून दोनदा. जमू लागलं की सतरंजीची एक घडी काढा. शेजारी कुणीतरी उभं हवं. डायलिसिसहून आल्याआल्या नाही, तेव्हा बीपी पडलेलं असतं. छातीत दुखणं, धाप, चक्कर आली की थांबा. हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांची परवानगी. फिस्टुलाच्या, म्हणजे डायलिसिसची सुई टोचतात त्या, हातावर जोर देऊन उठू नये.

फिस्टुला
आमच्या सेंटरवर एक ताई टेक्निशियन आहे, ती स्वतः होऊन सगळ्यांना पहिल्या दोन तासांत पाय हलवायला लावते. एकेक पाय सरळ उचलून धरायचा. सुरुवातीला सगळे कुरकुरले. आता ती रजेवर असली की आम्ही एकमेकांवर ओरडतो, ए उचल पाय. पायात गोळे येणंही माझं कमी झालंय, ह्याचं कारण व्यायाम की मी पाणी कमी प्यायला लागलो ते माहीत नाही.

नवी_किडनी
मी वाचत होते फक्त. माझं ट्रान्सप्लांट झालंय. एवढंच सांगायचं की ट्रान्सप्लांटनंतर स्टेरॉइड चालू होतं, त्यानेही मांड्या अशाच कमजोर होतात, म्हणून हे व्यायाम आधीपासून केलेले असले तर पुढे कामी येतात. ज्यांचं नाव यादीत आहे त्यांनी जरूर करा.

ऊन_सावली
मी बराच वेळ गप्प बसून वाचलं. माझ्या वडिलांनाही हाच आजार होता, तेव्हा असं सांगणारं कुणी नव्हतं. ते शेवटची दोन वर्षं पलंगावरच होते. उन्हाचं मी तेव्हापासून धरून बसलोय, कारण तेवढंच आम्ही करू शकत होतो. हालचाल, तुमचं खुर्चीचं मी आमच्या शेजारच्या काकांना दाखवणार आहे.

केळफूल
ऊन_सावली, वाचून वाईट वाटलं. तुम्ही त्यांना उन्हात नेत होतात म्हणजे निदान ते घराबाहेर येत होते, ते कमी नव्हतं.

गोदाकाठ
मंडळी, धागा वर काढतोय. बरेच आठवडे मध्ये गेले, सगळ्यांना सांगायचं राहिलं होतं.

इथलं सगळं कागदावर लिहून नेलं होतं. डॉक्टरांनी शांतपणे वाचलं, चप्पल निसटण्याचं ऐकून लगेच पाय तपासले. बायकार्बोनेट १७ निघालं, पीटीएच ७८०, फॉस्फरस ६.४, अल्ब्युमिन ३.१. डायलिसिसच्या पाण्यातलं बायकार्बोनेट वाढवलं, फॉस्फरसची गोळी जेवणासोबत घ्यायला लावली, ती बाबा झोपताना घेत होते. सॅशे दिलं, पण ठरावीक आठवडेच, आणि कॅल्शियम तपासूनच पुढचं. अल्फाचा डोस मात्र लगेच वाढवला नाही, म्हणाले फॉस्फरस आधी खाली येऊ दे, अल्फाने तोही वाढतो. आत्याच्या मिस्टरांना हे सगळं समजावताना माझी दमछाक झाली.

आता डी ३३, बायकार्बोनेट २२. रोज तीन पांढरं. खुर्चीवरून हात न दाबता उठतात, उशीविना, पण एका दमात चार-पाच वेळाच. जमिनीवरून अजून नाही. जिना पूर्वीसारखाच.

माझा प्रश्न तोच आहे, फरक नक्की कशाने पडला?

रात्रपाळी
तुमच्या बाबांच्या बाबतीत हे वेगळं काढून सांगता येणार नाही, सगळं एकत्र सुरू केलं ना. अंदाज विचाराल तर मी आम्ल, प्रोटीन आणि खुर्ची ह्यांना जास्त श्रेय देईन, डीला थोडं. पण डी थांबवू नका, ३३ वर ठेवायला आता कमी मात्रा पुरेल, डॉक्टर सांगतील. आणि पीटीएच परत बघा, ते ७८० वरून खाली येतंय का हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं. जमिनीवरून उठणं सगळ्यात शेवटी येतं, त्याची घाई नको, पडून मांडीचं हाड मोडलं तर ह्या वयात फार महागात जातं.

हालचाल
चार-पाच म्हणजे छान! आता जिन्यासाठी, सगळ्यात खालची एकच पायरी. कठडा धरून चढायचं, उतरायचं, चढताना आधी चांगला पाय, उतरताना आधी कमजोर पाय. आणि डाव्या पावलाला मागे पट्टा असलेली सँडल घ्या, चप्पल बंद.

गोदाकाठ
सँडल कालच आणली. पायरीचं उद्यापासून, उद्या डायलिसिस नाही.

शेवंता
सॅशे दुधातच घालून द्यायचं का हो? आमच्याकडे दूध मोजून असतं.

केळफूल
अर्ध्या कपात विरघळवलं तरी चालतं ताई, ते दूध त्या दिवसाच्या हिशोबात धरा. नाहीतर ६०,००० ची कॅप्सूलही मिळते, डॉक्टरांना विचारून बदलून घ्या.